प्रवाळासारखी अळंबी रानात कशी ओळखावी

पाचोळ्यातून वर आलेलं पिवळं, पांढरं किंवा जांभळं झुडूप. ना छत्री, ना छत्रीखालचे पडदे, नुसत्या फांद्याच फांद्या. ही प्रवाळ-अळंबी आहे हे लहान मूलही सांगेल. ती कोणती, हे सांगायला मात्र पाच-सहा गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्यांचा क्रम चुकला की नावही चुकतं.

क्रमाला एवढं महत्त्व का, तर हा आकार एका कुळाचा नाही. अळंबीचे बीजाणू फांद्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तयार होतात. फांद्या जितक्या जास्त, तितकी बीजाणूंना जागा जास्त. ही युक्ती बुरशीच्या अनेक घराण्यांना वेगवेगळी सापडली आहे. क्लॅव्हेरिया ही छत्रीवाल्या अळंब्यांच्या गणातली, क्लॅव्हुलिना शँटरेल या कर्ण्यासारख्या अळंबीच्या नात्यातली, आर्टोमायसिस रुसुला या आणखी एका अळंबीच्या गणातली, आणि रॅमारिया या सगळ्यांपासून लांबच्या चौथ्याच गणातली. एकेकाळी या सगळ्यांना क्लॅव्हेरिया हे एकच नाव होतं. १९५० मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या धाग्यांच्या रचनेवरून या ढिगाची नीट फोड केली आणि पुढे डीएनएच्या अभ्यासाने ती आणखी पुढे नेली. म्हणून जुन्या आणि नव्या मार्गदर्शिकांत एकाच अळंबीची दोन-तीन नावं सापडतात. आज जी आर्टोमायसिस पिक्सिडेटस आहे, ती आधी क्लॅव्हेरिया पिक्सिडेटा होती आणि मधल्या काळात क्लॅव्हिकोरोना पिक्सिडेटा. नावं जुळली नाहीत तर घाबरून जायचं कारण नाही, वर्णनं ताडून पाहा.

सोबत काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, अरुंद पात्याचं खुरपं किंवा सुरी, मोजपट्टी, पेन्सिल आणि वही, कागदी पिशव्या किंवा कप्प्यांचा डबा. प्लॅस्टिकची पिशवी नको. तिच्यात ओल साचून फांद्या तासाभरात लिबलिबीत होतात आणि रंग, वास, शेंडे तिन्ही जातात. हातमोजे असावेत, त्याचं कारण पुढे येईल.

हात लावण्याआधी: ती कशावर उगवली आहे?

सगळ्यात पहिला प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही हाच. फांद्यांचा फोटो काढून वरून खुडून आणली की अर्धी ओळख रानातच राहते.

अळंबीभोवतीची माती खुरप्याने हलक्या हाताने उकरा आणि बुंधा पूर्ण उघडा करा. ती लाकडावर आहे, की मातीत, की पानांच्या थरात? मातीत दिसली तरी खात्री करा, कारण पुरलेल्या लाकडावर उगवणाऱ्या जाती वरून पाहिल्या तर मातीतल्याच वाटतात. रॅमारिया स्ट्रिक्टा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. हिच्या फांद्या सरळ उभ्या, एकमेकींना जवळजवळ समांतर, आणि बुंध्यापासून पांढऱ्या दोऱ्यासारखे कवकाचे धागे निघून खालच्या कुजक्या लाकडात शिरलेले असतात. हे दोरे उकरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि ओढून काढलं तर तुटून मातीतच राहतात.

लाकूड असेल तर ते सूचिपर्णी झाडाचं आहे की रुंद पानांच्या, साल शिल्लक आहे की गेली आहे, हे लिहा. माती असेल तर वीस-तीस पावलांच्या आत कोणती झाडं आहेत ते लिहा. बऱ्याचशा रॅमारिया जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात, त्यामुळे शेजारचं झाड हाही पुरावाच असतो. आसपास झाड नसून नुसतं गवत असेल, तर रॅमारियाची शक्यता जवळपास मावळते आणि क्लॅव्हेरिया, क्लॅव्हुलिनॉप्सिस, रॅमारिऑप्सिस यांची वाढते. युरोपात या गवताळ जाती जुन्या, कधीही खत न घातलेल्या कुरणांची खूण मानल्या जातात. नत्रखत पडलं की त्या नाहीशा होतात, म्हणून तिथे सापडलेला झुबका शक्यतो तसाच राहू द्या. एखादी फांदी अभ्यासाला पुरते.

वाकवून पाहा

एक फांदी दोन बोटांत धरून हळूच वाकवा. (लाल-शेंदरी अळंबी असेल तर नाही. ती आधी खालच्या इशाऱ्याशी ताडा.) या एका चाचणीने निम्मे तोतये बाहेर पडतात.

कोवळ्या काकडीसारखी टचकन मोडली, तर क्लॅव्हेरियाचा विचार करा. क्लॅव्हेरिया फ्रॅजिलिस या पांढऱ्या, बिनफांद्यांच्या, झुबक्याने उगवणाऱ्या जातीचं नावच ठिसूळपणावरून पडलं आहे. थोडी वाकून मग मोडली आणि मोडलेल्या जागी मांस भरीव, किंचित तंतुमय दिसलं, तर रॅमारिया किंवा क्लॅव्हुलिना. रबरासारखी वाकली, मोडलीच नाही, आणि पृष्ठभाग बुळबुळीत असेल, तर ती कॅलोसेरा व्हिस्कोसा: सूचिपर्णी झाडाच्या कुजक्या खोडांवर, ओंडक्यांवर उगवणारी चकचकीत पिवळी-केशरी. दिसायला पक्की प्रवाळ, पण ती जेली-बुरशी आहे. वाळली की शिंगासारखी कडक होते, भिजवली की पुन्हा फुगते. चामड्यासारखी चिवट, तपकिरी-जांभळट आणि कुजक्या कोबीसारखा किंवा शिळ्या लसणासारखा घाण वास येणारी असेल, तर थेलेफोरा पाल्माटा. केसाइतक्या बारीक, चिवट, टोकदार फांद्यांचा झुबका असेल, तर टेरुला.

वासाची नोंद फांदी मोडल्या मोडल्या करा, कारण दहा मिनिटांनी तो बदलतो. क्लॅव्हुलिनॉप्सिस कॉर्निक्युलाटाला ताज्या दळलेल्या पिठाचा वास येतो, रॅमारिया ग्रॅसिलिसला बडीशेपेच्या जातीचा. मोडलेला तुकडा बाजूला ठेवा आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. दाबलेल्या जागी रॅमारिया स्ट्रिक्टा वाईनसारखी तपकिरी होते. सूचिपर्णी पाचोळ्यातली फिओक्लॅव्हुलिना अबिएटिना चक्क हिरवी पडते. हा बदल लगेच दिसला नाही म्हणून 'रंग बदलत नाही' असं लिहून टाकणं ही फार होणारी चूक आहे.

चव घेऊन ओळखण्याची पद्धत काही जण सांगतात. प्रवाळ-अळंबीसाठी तिची गरज नाही, आणि या गटात एक जात अशी आहे की तिचा तुकडा तोंडात घालणं जिवावर बेतू शकतं.

बेचकं आणि शेंडे

आता भिंग काढा. दोन जागा नीट पाहायच्या: फांदी जिथे दुभंगते ते बेचकं, आणि अगदी टोकाचा शेंडा.

बेचक्याचा तळ गोलसर आहे की कोनासारखा टोकदार, हे पाहा. एका जागी दोनच फांद्या फुटतात की तीन-चार, तेही मोजा. एकाच झुबक्यात तळाशी एक तऱ्हा आणि वर दुसरी असू शकते, म्हणून दोन्हीकडची नोंद हवी.

शेंड्यांचे चार प्रकार मनात ठेवा. बोथट. टोकदार. तुऱ्यासारखा, म्हणजे टोकाशी बारीक, चपटे, अनियमित दाते. आणि मुकुटासारखा. तुरा आणि मुकुट यांत नवख्यांचा सर्रास गोंधळ होतो, म्हणून हे जवळून पाहू.

क्लॅव्हुलिना कोरॅलॉइड्सची पांढरी फांदी भिंगाखाली धरली, तर वर जाता जाता ती किंचित चपटी होते आणि टोकाशी ओढून फाडलेल्या कापडाच्या कडेसारखी दिसते: लहान-मोठे दाते, कुठे दाट, कुठे विरळ, त्यांत कसली शिस्त नाही. आर्टोमायसिस पिक्सिडेटसची फांदी मात्र टोकाला रुंद होऊन उथळ वाटीसारखी होते आणि त्या वाटीच्या काठावरून तीन ते सहा टोकं उभी राहतात. त्यातलं एखादं टोक पुढे वाढून नवी फांदी बनतं, तिच्याही टोकाला वाटी, आणि तिच्या काठावर पुन्हा टोकं. मजल्यावर मजले चढवल्यासारखी ही रचना एकदा डोळ्यांत बसली की पुन्हा चुकत नाही. त्यात ती रुंदपर्णी झाडाच्या, बहुधा साल गेलेल्या, ओंडक्यावर फिकट पिवळसर ते बदामी रंगात असेल, तर बाकी काही तपासायच्या आधीच नाव जवळपास पक्कं होतं. या गटात इतकी सोपी ओळख क्वचितच मिळते.

रंग: उपयोगी, पण सगळ्यात शेवटी

रंग तरुण नमुन्याचाच ग्राह्य धरा. पावसाने रंग धुतला जातो, उन्हाने विटतो, आणि रॅमारियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते: पिकलेल्या फांद्यांवर त्यांचेच गेरूसारखे पिवळट बीजाणू साचतात आणि मूळचा रंग झाकून टाकतात. त्यामुळे म्हाताऱ्या रॅमारिया सगळ्या एकसारख्या मातकट दिसतात आणि त्यांना जातीचं नाव देणं सहसा शक्य होत नाही.

म्हणून एकाच जागी लहान-मोठे झुबके असतील तर कोवळा आणि पिकलेला असे दोन्ही पाहा. बुंधा, मधल्या फांद्या आणि शेंडे, तिन्हींचे रंग वेगळे लिहा. रॅमारिया फॉर्मोसाची खूण याच तिहेरी नोंदीत आहे: बुंधा पांढुरका, फांद्या अबोली, शेंडे लिंबासारखे पिवळे. हे पिवळे शेंडे वयाबरोबर विटतात आणि मग ती इतर फिकट रॅमारियांत मिसळून जाते. रॅमारिया बॉट्रिटिसचा बुंधा जाड, पांढरा, शेंडे मात्र लालसर-जांभळे. कोवळेपणी ती फुलकोबीच्या गड्ड्यासारखी दिसते.

फोटो घेताना शेजारी साधा राखाडी किंवा पांढरा कागद ठेवा. झाडीतल्या हिरव्या उजेडात कॅमेरा जांभळ्या आणि अबोली रंगांची हमखास फसगत करतो, आणि कागद असला की तो दोष नंतर काढता येतो. चार फोटो पुरतात: जागेवरचा, बाजूने संपूर्ण, उघड्या बुंध्याचा, आणि शेंड्यांचा जवळून.

बीजाणूंचा ठसा

ठसा म्हणजे फांदीतून कागदावर पडलेली बीजाणूंची पूड, आणि तिचा रंग पाहायचा असतो. कोणतं रसायन किंवा यंत्र न वापरता मिळणारा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. ठसा गेरूसारखा पिवळट किंवा दालचिनीच्या रंगाकडे झुकणारा आला, तर रॅमारिया किंवा तिची जवळची भावंडं. पांढरा आला, तर क्लॅव्हुलिना, क्लॅव्हेरिया, क्लॅव्हुलिनॉप्सिस, रॅमारिऑप्सिस, आर्टोमायसिस यांपैकी कुणीतरी. गडद तपकिरी असेल तर थेलेफोरा.

छत्रीवाल्या अळंबीसारखं इथे टोपी काढून पालथी ठेवता येत नाही. तीन-चार सेंटिमीटरची, पिकलेली पण न सडलेली फांदी घ्या. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद किंवा स्वच्छ काच घ्या आणि फांदी तिच्यावर आडवी ठेवा. उभी ठेवली तर बीजाणू इकडेतिकडे उडतात आणि ठसा उमटत नाही. शेजारी ओल्या कापसाचा लहान बोळा ठेवा, फांदीला न टेकवता. वर वाडगं पालथं घाला. सहा ते बारा तास हलवू नका. नंतर फांदी उचला, पडलेली पूड पात्याच्या कडेने एका जागी गोळा करा आणि दिवसाच्या उजेडात रंग पाहा. विरळ पसरलेली पिवळट पूड पांढरीच वाटते, तिचा खरा रंग ढीग केल्यावरच कळतो.

ठसा आला नाही तर फांदी फार कोवळी होती किंवा सुकून गेली होती. कागदावर नुसता ओला डाग पडला, तर अळंबी पावसात भिजलेली होती. अशी फांदी आधी तासभर टिपकागदावर ठेवावी. आणि रानातच एक सोपी नजर टाकता येते: झुबक्याखालच्या पानांवर किंवा खालच्या फांद्यांच्या वरच्या अंगाला पिवळट पूड साचलेली असेल, तर ठसा तिथेच तयार आहे.

मुख्य गट

रॅमारियात जातींची संख्या मोठी आणि गोंधळही मोठा. मातीतली, मांसल, दाट फांद्यांची, पिवळट ठशाची अळंबी सापडली, तर वहीत 'रॅमारिया' एवढंच लिहिणं हे प्रामाणिक उत्तर आहे. जातीपर्यंत जायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि कित्येकदा तोही पुरत नाही.

क्लॅव्हुलिना पांढरी किंवा राखाडी. इथे एक सापळा आहे. पांढऱ्या क्लॅव्हुलिनावर हेल्मिंथोस्फेरिया क्लॅव्हॅरिएरम नावाची दुसरी बुरशी वाढते, आणि मग ती बुंध्याकडून वर काळपट-राखाडी होत जाते. लोक तिला राखाडी क्लॅव्हुलिना सिनेरिया समजतात. भिंगाखाली राखाडी भागावर बारीक काळे ठिपके दिसले आणि शेंडे अजून पांढरे असले, तर ती रोगट पांढरीच समजा.

क्लॅव्हुलिनॉप्सिस बहुतेक पिवळ्या-केशरी. कॉर्निक्युलाटा फांद्यांची, फ्युझिफॉर्मिस बिनफांद्यांची, चातीसारख्या टोकदार दांड्यांच्या झुबक्याची. गडद जांभळी, ठिसूळ, फांद्यांची असेल तर क्लॅव्हेरिया झोलिंगेरी. शुभ्र पांढरी, नाजूक, आणि शेंड्यांना तुरा नसलेली असेल तर रॅमारिऑप्सिस कुंझी.

प्रवाळासारखं दिसणारं, पण वेगळं

झायलेरिया हायपॉक्सिलॉन कुजक्या लाकडावर येते: खाली काळी, वर पांढऱ्या पुडीने माखलेली, विझलेल्या वातीसारखी. मांस चिवट. सेरॅटिओमिक्सा ही तर बुरशीच नाही, श्लेष्मकवक आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव. ओल्या लाकडावर काही मिलिमीटर उंचीच्या अर्धपारदर्शक पांढऱ्या काड्या, बोटाच्या स्पर्शाने विरघळल्यासारख्या होणाऱ्या. हेरिसियम कोरॅलॉइड्सच्या फांद्यांना खाली लोंबणारे मऊ काटे असतात, आणि वर न जाता खाली वाढणारी टोकं हीच तिची खूण. स्पॅरॅसिसच्या फांद्या गोल नसून चपट्या, लाटेरी पट्ट्यांसारख्या. मातीतून वर आलेली एकुलती शेंदरी दांडी असेल तर मुळाशी खणून पाहा. तळाशी किड्याचा कोश सापडला, तर ती किड्यांवर वाढणारी कॉर्डिसेप्स ही बुरशी आहे.

आता इशारा. ट्रायकोडर्मा कॉर्नू-डामे ही लाल-शेंदरी, बोटांसारख्या किंवा सांबरशिंगासारख्या फांद्यांची बुरशी जपान आणि कोरियात माणसांच्या मृत्यूला कारण ठरली आहे. जपानीत तिचं नाव 'काएनताके', म्हणजे ज्वालेची अळंबी. २०१९ मध्ये ती ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळही सापडल्याचं जाहीर झालं. तिच्यातली ट्रायकोथेसीन गटातली विषं आधी पोटदुखी आणि उलट्या घडवतात. पुढे त्वचा सोलवटते, केस गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, मेंदूवर परिणाम होतो. नुसत्या स्पर्शानेही कातडीला इजा होऊ शकते. मृत झाडांच्या मुळांपाशी, बुंध्यापाशी ती येते. मांस कडक, आतून पांढरं. मऊ, ठिसूळ लाल क्लॅव्हेरियांशी तिची गल्लत होते. ज्वालेसारखी लाल प्रवाळ-अळंबी दिसली की हातमोज्यांशिवाय हात लावू नका. फोटो घ्या आणि पुढे जा. कडक आहे की मऊ हे पाहण्यासाठीही बोट लावू नका.

आणि खाण्याबद्दल एकदाच, स्पष्ट: ही माहिती खाण्यासाठी निवड करायला वापरू नका. रॅमारिया फॉर्मोसा आणि रॅमारिया पॅलिडा यांनी तीव्र जुलाब आणि पोटदुखी होते, आणि विटलेल्या अवस्थेत त्या खाण्याजोग्या समजल्या जाणाऱ्या जातींपासून डोळ्यांनी वेगळ्या काढता येत नाहीत. ब्राझील आणि उरुग्वेत निलगिरीच्या रानांत उगवणारी रॅमारिया फ्लाव्हो-ब्रुनेसेन्स खाऊन गुरं दगावतात. त्यांच्या शेपटीचे केस गळतात, खूर सुटतात.

पुढची पायरी

फेरस सल्फेटचं दहा टक्के द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १० ग्रॅम, फांदीच्या पृष्ठभागावर एक थेंब सोडा. रॅमारियावर काही मिनिटांत हिरवा रंग चढतो. द्रावण मुळात फिकट हिरवं असतं. ते गंजासारखं विटकरी झालं की निकामी, फेकून द्या आणि नवं करा. चाचणी नेहमी तोडलेल्या तुकड्यावर, जपून ठेवायच्या नमुन्यावर नाही.

सूक्ष्मदर्शक असेल तर ४०० पटीत बीजाणूंचा आकार आणि बीजाणूधारी पेशी पाहा. क्लॅव्हुलिनाच्या पेशीवर आत वळलेली दोन शिंगं दिसतात, कॅलोसेराच्या पेशीला चिमट्यासारखे दोन लांब पाय. रॅमारियाच्या बीजाणूंवरच्या पुळ्या किंवा रेघा पाहायला १००० पट आणि तेल लागतं. लॅक्टिक आम्लातला कॉटन ब्लू हा निळा रंग घातला की त्या निळ्या उठून दिसतात, साध्या पाण्यात बीजाणू गुळगुळीत वाटून फसवतात. आर्टोमायसिसचे बीजाणू लहान, सुमारे ४ ते ५ मायक्रोमीटर लांब, आणि मेल्झरच्या आयोडीन द्रावणात निळे-काळे होतात.

नमुना जपायचा तर त्याच दिवशी वाळत घाला. फांद्या सुट्या करून जाळीवर, ४० अंशांच्या आसपास गरम हवेत, कडकडीत होईपर्यंत. जास्त तापवलं तर नमुना शिजतो आणि आतली रचना बिघडते. वाळल्यावर सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर तारीख, जागा, कशावर उगवली होती, शेजारची झाडं, ताजेपणीचे तिन्ही रंग, वास, दाबल्यावरचा बदल आणि ठशाचा रंग लिहा. चिठ्ठी पिशवीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली हवी. बाहेर चिकटवलेली सुटते आणि शाई ओलीने पसरते. नावाची ओळ कोरी राहिली तरी चालेल. ती नंतर भरता येते, ताजेपणीचा रंग आणि वास नाही.